सेल्माचा पूल

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या म्हाताऱ्याचे प्रवासवर्णन म्हणजे नायगारा, बर्फ आणि भल्यामोठ्या दुकानांची वर्णने, हे वाचकांना आता पाठ झाले आहे. म्हणून मी अशा गावाविषयी लिहितो, जिथे मला पाहायचा होता तो फक्त एक पूल.

गावाचे नाव सेल्मा. अटलांटाहून मोटारीने साडेतीन तास. आम्ही गेलो ते माझ्या आठ वर्षांच्या नातीच्या हट्टामुळे. तिने माझ्या शेजारी बसून ‘सेल्मा, लॉर्ड, सेल्मा’ हा १९९९ साली टेलिव्हिजनसाठी काढलेला चित्रपट पाहिला होता. त्यातली शेयॅन वेबही आठ वर्षांचीच. आणि ती मुलगी खरीखुरी. १९६५ साली इथल्या काळ्या माणसाला मतदारयादीत नाव घालणे महाकठीण होते. शंभरात दोघातिघांचेच नाव लागलेले. त्यासाठी भरणाऱ्या सभांना ही पोर शाळा बुडवून, आईबापांचे न ऐकता जाऊन बसे.

त्या सभा भरत ते ब्राउन चॅपेल, लाल विटांचे, दोन मनोऱ्यांचे, आजही उभे आहे. तिथून आम्ही पायी पुलाकडे निघालो. ७ मार्च १९६५ च्या रविवारी सुमारे ६०० माणसे याच वाटेने माँटगोमेरीला निघाली होती. पुलावर ठळक अक्षरांत नाव आहे : एडमंड पेटस. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेतला हा सेनापती. नाव अजून तेच आहे.

पूल मध्यावर चांगलाच उंच होतो. चढता चढता नात थांबली.

“आजोबा, पलीकडचं काहीच दिसत नाही!”

खरेच होते. माथा गाठल्याशिवाय पलीकडचा काठ दिसत नाही. त्या दिवशी माथ्यावर पोचलेल्यांना दिसली ती पोलिसांची रांग. मग अश्रुधूर, लाठ्या, घोडे. होसिया विल्यम्स यांनी शेयॅनला उचलून पळायला सुरुवात केली, तर पोर म्हणे, मला खाली ठेवा, तुमचे पाय फार हळू चालतात! त्या रात्री एबीसी वाहिनीने चालू चित्रपट थांबवून ही दृश्ये देशाला दाखवली. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदानहक्काचा कायदा झाला. ३४ वर्षांनी शेयॅनची गोष्टही त्याच वाहिनीवर आली.

चित्रपट पाहताना मी शेयॅनच्या बाजूचा होतो. तिला अडवणाऱ्या आईबापांचा मला रागच आला होता. पुलावर नातीचा हात माझ्या हातात होता, आणि ते दोघे मला एकदम जवळचे वाटू लागले. मी हिला जाऊ दिले असते का?

उत्तर सुचण्याआधीच तिने हात सोडवून घेतला आणि धावत माथा ओलांडला. क्षणभर ती दिसेनाशी झाली. पलीकडे नुसता उन्हात पडलेला रस्ता आहे, हे ठाऊक असूनही, गुडघे विसरून मी तो उरलेला चढ जवळजवळ पळत चढलो.