पुढचे गाव किती दूर?

प्रवासात वृद्ध माणसे जाणूनबुजून पाणी कमी पितात, हे मी तीस वर्षे रुग्णांच्या नातेवाइकांना सांगत आलो आहे. माझी आई तेच करीत होती आणि ते मला परक्या देशातील एका परिचारिकेच्या प्रश्नामुळे कळले.

माझा मुलगा नोकरीनिमित्त मेलबर्नला असतो. जानेवारीत आम्ही आईला घेऊन त्याच्याकडे गेलो. आईचे वय 81. रक्तदाबाचा विकार जुना, त्यासाठीच्या औषधांत लघवी वाढवणारी एक गोळी. महानगराच्या गर्दीपेक्षा तिला लहान गावे मानवतील म्हणून मुलाने बेंडिगो आणि एचुका अशी पाच दिवसांची सहल आखली. बेंडिगो हे सोन्याच्या खाणींमुळे वाढलेले शहर. तेथील जुन्या ट्राममधून बसल्या जागी ते पाहता येते, हे आईला फार आवडले. तिच्या गुडघ्यांचा विचार करून खाणीत मात्र तिला नेले नाही.

एचुका मरे नदीच्या काठी, मेलबर्नपासून सुमारे 220 किलोमीटरवर आहे. 1864 मध्ये तेथे रेल्वे पोहोचली आणि नदीतून वाफेच्या बोटींनी येणारी लोकर तेथून मेलबर्नला जाऊ लागली. तेथील आदिवासींच्या भाषेत गावाच्या नावाचा अर्थ ‘पाण्यांचा संगम’ असा आहे; कँपास्पी आणि गोल्बर्न या नद्या तेथे जवळच मरेला मिळतात. आईचे माहेर कऱ्हाडचे. हे ऐकताच ती म्हणाली, “म्हणजे आपला प्रीतिसंगमच की!”

नदीची पातळी ऋतूनुसार फार वरखाली होत असल्याने तेथला लाकडी धक्का उंच आणि मजल्यांचा बांधलेला आहे. त्याच्या पायऱ्या चढून आई क्षणभर उभी राहिली, कठडा धरला आणि तिचे पायच गळाले. नातवाने सावरले म्हणून डोके आपटले नाही. सावलीत आडवे करून पाय उंच धरले. रक्तदाब 90/60 भरला. आम्ही तिला थेट रुग्णालयात नेले.

परिचारिकेने मला नव्हे, आईला विचारले. मी केवळ दुभाषा. “आज लघवीला शेवटचे केव्हा गेलात?” आई गप्प. मग माझ्या पत्नीकडे पाहत हळूच म्हणाली, “सकाळी उठल्यावर. दोन दिवस पाणी बेतानेच घेतेय गं. वाटेत जायचे कुठे? पोराला सारखी गाडी थांबवायला कसे सांगायचे?” गोळी मात्र ती नेमाने घेत होती, कारण ती मी देत होतो.

त्या दिवशी पारा 39 अंशांवर होता. तिकडच्या कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो आणि उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंद झालेली असते. मला हे सारे ठाऊक होते. रोज सकाळी मी तिचा रक्तदाब मोजतही होतो, पण बसवून. एकदा उभे करून मोजला असता तर तो किती घसरतो आहे हे ध्यानात आले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सलाइन दिल्यावर सायंकाळी तिला घरी सोडले. म्हणजे आमच्या मोटेलवर. तेही बैठे, गाडी थेट खोलीच्या दाराशी लागणारे. वृद्धांसाठी हीच सोय उत्तम, मात्र न्हाणीघरात टब ओलांडावा लागणार नाही अशी खोली आधीच मागून घ्यावी. भारताचा ऑस्ट्रेलियाशी आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे बिल आमचेच होते. विमा घेताना जुना आजार नोंदवला होता म्हणून निभावले. औषधेही पूर्ण प्रवासाला पुरतील इतकी, मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत आणि उतरताना जाहीर करावीत. आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेथील दुकानदार औषध देत नाही.

लघवीच्या गोळीची वेळ व मात्रा प्रवासात बदलावी का, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वतः ती बंद करू नये. हृदयविकारामुळे ज्यांना पाण्याची मर्यादा घालून दिली आहे त्यांनी तर अवश्य विचारावे.

गंमत अशी की आईची भीती तेथे अनाठायी होती. त्या देशात लहान गावातही मुख्य रस्त्यावर किंवा बागेजवळ बहुधा सार्वजनिक शौचालय असते, विनामूल्य आणि बहुतेक ठिकाणी स्वच्छ. देशभरातील शौचालयांचा सरकारी नकाशाच आहे. तो आम्हाला तिसऱ्या दिवशी सापडला!

उरलेली स्थळे आम्ही सोडून दिली. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ नदीकाठच्या उंच निलगिरींखाली बसलो, एकदा तासभर वाफेच्या बोटीत फिरलो. आईने पाण्याला हात लावून नमस्कार केला. मला वाटते, तिला तेवढेच हवे होते.

परतीच्या वाटेवर एल्मोरला थांबून आम्ही पुन्हा गाडीत बसलो.

“पुढचे गाव किती दूर?” आईने विचारले.

“हीथकोट, आजी. अर्धा तास.”

“मग अर्धी बाटली चालेल,” असे म्हणत तिने झाकण उघडले.