गोळी घेतलीस काय?

इचलकरंजीत मागाची खटखट रात्रंदिवस चालू असते आणि तिथं जन्मलेल्या माणसाचं तिच्याकडे लक्षही जात नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्या खटखटीत मला माझं नाव ऐकू यायला लागलं. आधी नुसतं नाव, मग माझ्याबद्दल बोलणारी दोन माणसं, मग हुकूम. शेजारच्या कारखान्यातले लोक पाळत ठेवताहेत अशी माझी खात्रीच झाली. मी खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, घरचं जेवण सोडलं. आईनं नरसोबाच्या वाडीला नेलं, आण्णांनी देवऋषी गाठला, आणि बरेच महिने गेल्यावर मेहुण्यांनी हट्टानं सांगलीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे आणलं. सायकोसिसचा पहिला झटका, असं निदान झालं. रिस्पेरिडोन सुरू झालं आणि काही आठवड्यांत आवाज लांब लांब जात बंद झाले.

लोक या आजाराची गोष्ट सांगतात ती इथवरच. आवाज गेले, पोरगं माणसात आलं, देव पावला. माझा ताण त्यानंतर सुरू झाला. त्याबद्दल बोलणारी माणसं मला फारशी भेटली नाहीत, म्हणून हे लिहितोय.

गोळ्यांनी आवाज घालवले तशी डोक्याची धारही घालवली. सकाळी डोळे उघडायचे नाहीत. तोंड कोरडं, हात जड, पाय एका जागी ठरायचे नाहीत. जुनी एकही पँट कमरेत बसेना. पुस्तकाचं पान संपेपर्यंत वरचा परिच्छेद विसरलेला असायचा. वर्गातले मित्र नोकऱ्या लागून पुण्याला, बंगळूरला गेले. त्यांचे फोन आधी कमी झाले, मग थांबले. टपरीवर चहा प्यायचा तरी आईपुढं हात पसरायचा.

पण या सगळ्याहून जड होतं ते घराचं माझ्यावरचं लक्ष. "गोळी घेतलीस काय?" हे सकाळी आई विचारायची, मग वहिनी, दुपारी कारखान्यातून फोन करून दादा, रात्री आण्णा. मोबाईलवर काही बघून हसलो की आई दारात येऊन उभी. चिडलो की "सुरू झालं बघ परत." बाथरूममध्ये जरा वेळ लागला की कडी वाजायची. आण्णांचं वेगळंच. "दोन वेळा गिळतोय आणि झोपतोय. आमच्या वेळी असले रोग नव्हते." साधा राग, साधा आळस, साधं रडू, कशावरच माझा हक्क उरला नव्हता. जे करीन ते लक्षण ठरायचं.

एकदा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेची एक प्रश्नावली भरायला दिली. २६ प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. आवाज येतात का, असं त्यात कुठंच नव्हतं. झोपेबद्दल समाधानी आहात का, गरजेपुरता पैसा असतो का, मित्रांचा आधार मिळतो का, जगण्यात अर्थ वाटतो का. मी पेन हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. आजारी पडल्यापासून हे मला कुणीच विचारलं नव्हतं. माझी उत्तरं बघून तिथल्या सोशल वर्कर मॅडमनी पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्यांना बोलावलं.

त्या बैठकीत मॅडमनी लंडनची हकीकत सांगितली. १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञानं हॉस्पिटलमधून सोडलेल्या रुग्णांचं पुढं काय होतं ते बघितलं. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेली माणसं भाड्याच्या खोलीवर राहिलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत होती. त्यातूनच पुढं घरातल्या बोलण्याचं मोजमाप सुरू झालं. सततची टीका, आकस आणि अति काळजी जिथं जास्त, तिथं आजार उलटण्याचा धोका जास्त; अशा माणसांसमोर आठवड्याला ३५ तासांहून अधिक काळ राहावं लागलं, तर आणखी जास्त.

आण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्यामुळं येड लागलं म्हणा की."

"तसं नाही आण्णा," मॅडम म्हणाल्या. "घरच्यांच्या बोलण्यानं हा आजार होत नाही. पण जो नुकताच यातून उठलाय त्याला ताण लवकर झेपेनासा होतो." चंदीगडमध्येही असाच अभ्यास झाला आणि १९८७ साली तो छापून आला. तिथल्या घरांमध्ये लंडनच्या मानानं टीकेचं बोलणं बरंच कमी आढळलं, हेही त्यांनी सांगितलं.

आई इतका वेळ गप्प होती. "मग काळजी पण करायची न्हाई काय?" तिनं विचारलं. तिच्या ते जिव्हारी लागलं होतं. आईची माया आणि आण्णांचे टोमणे एकाच यादीत बसवणं मला आजही फार कठोर वाटतं. पण त्या मायेनं माझा जीव घुसमटत होता, हेही तितकंच खरं. मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा सिनेमा बघितला. आईला रडू आलं ते आजारी शेषच्या बहिणीची ओढाताण बघून.

घरी आल्यावर दादानं औषधाच्या दुकानातून सात खणांचा निळा डबा आणला. झाकणांवरच्या इंग्रजी अक्षरांवर चिकटपट्टी लावून वहिनीनं सो, मं, बु असे वार लिहिले. रविवारी रात्री तो मीच भरायचा आणि फ्रिजवर ठेवायचा. रात्री नऊनंतरही त्या दिवसाचा खण भरलेला दिसला, तर एकट्या वहिनीनं एकदाच विचारायचं. बाकी कुणी नाही. आईला सुरुवातीला हे फार अवघड गेलं. ती फ्रिजपाशी जायची, झाकण उचलून बघायची, ओठ घट्ट मिटायची आणि तहान नसताना पाण्याची बाटली घेऊन परत यायची.

दुसरा एक कागद मी स्वतः लिहिला. आजार परत येऊ लागला तर माझ्यात काय दिसेल ते. ओळीनं दोन रात्री झोप नाही. ताटातल्या जेवणाचा वास घेऊन बघणं. कडी लावली का ते पुन्हापुन्हा तपासणं. मागाच्या आवाजाकडं कान लावून बसणं. यातलं काही दिसलं तर मला सांगा आणि डॉक्टरांना फोन करा. बाकी माझं हसणं-चिडणं माझं. त्या कागदामुळं मला माझा राग परत मिळाला.

ताण नको म्हणजे काम नको, असं आईला वाटायचं. डॉक्टरांचं मत उलट होतं, रिकामं बसणं हाही ताणच. दादानं मला आमच्या कारखान्यातल्या घडीखात्यात बसवलं. ते भिंतीआड आहे, मागांपासून लांब. कापड टेबलावरून ओढत न्यायचं. तुटलेला धागा, तेलाचा डाग दिसला की खडूनं खूण करायची. सकाळची गुंगी उतरल्यावर अकराला जायचं, चार तास. आठवड्याचा पगार दिवाणजींनी इतर कामगारांसारखीच वहीत सही घेऊन हातात ठेवला. मुलाखत नाही, शिक्षणात खंड का पडला याचा खुलासा नाही. घरचा कारखाना होता म्हणून हे जमलं, आणि मला त्याचीच टोचणी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही आहे, २०१७ च्या कायद्यानं उपचारांचा हक्क दिला; पण सकाळी गुंगीत असलेल्या पोराला चार तासांचं काम कोण देणार, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरावर सोडलेला आहे. अशा कामाची गरज गोळ्यांइतकीच आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

सध्या नवा ताण लग्नाचा. पाहुणे म्हणतात, दोनाचे चार झाले की सगळं मार्गी लागेल. मी घरात सांगून ठेवलंय की मुलीला सगळं आधी कळलं पाहिजे, अगदी गोळ्यांच्या नावासकट. आण्णा म्हणाले, "मग झालंच." झालं तर झालं. बायकोपासून डबा लपवून ठेवायचा संसार मला नको आहे.

डोस आता कमी झालाय, वाचलेलं लक्षात राहतं. राहिलेल्या विषयांचा फॉर्म भरायचा म्हटल्यावर आई पुन्हा धास्तावली. डॉक्टर म्हणाले, एका वेळी दोनच विषय घे आणि परीक्षेच्या दिवसांतही जागरण करायचं नाही. हीट ट्रान्सफर आणि मशीन डिझाइन घेतलेत. वहिनी म्हणते, अभ्यासाला वरची खोली घे, तिकडं कुणी फिरकणार नाही.