झाकणावरचे पक्षी

चीनमधल्या हान काळातल्या कांस्य आरशाची पाठ वाचता येते. मधोमध उंचवटा, त्याभोवती पृथ्वी सुचवणारा चौकोन, बाहेर आकाशाचे वर्तुळ. चार दिशांना ड्रॅगन, वाघ, लाल पक्षी आणि सापाने वेढलेले कासव. अनेक आरशांवर अक्षरेही असतात: दीर्घायुष्य, मोठे पद, भरपूर संतती लाभो. नक्षीचा अर्थ धातूवरच उमटलेला असतो.

आमच्या विदर्भाच्या कांस्यावर अक्षर नाही. नागपूरहून काटोलच्या वाटेवर माहुरझरी लागते. तिथल्या शिळावर्तुळांचे उत्खनन १९७० ते १९७२ दरम्यान डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने केले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही दफने. त्यांत लोखंडी हत्यारे, मणी, घोड्याचे अवशेष आणि घोड्याच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. माझे मन सर्वाधिक गुंतले ते पक्षी बसवलेल्या धातूच्या झाकणांत. टाकळघाट-खापा इथल्या दफनांतही अशी झाकणे होती.

घडणही पाहण्यासारखी आहे. चिनी आरसा ओतीव. त्यात कथील वीस टक्क्यांच्या वर असते, म्हणून धातू चांदीसारखा उजळतो, पण ठिसूळ होतो. विदर्भातल्या तपासलेल्या कांस्यात कथील साधारण दहा टक्के. असा धातू हातोडा सोसतो, म्हणून इथला कारागीर तो ठोकून घडवू शकला. विदर्भात कथलाची खाण नाही, ते दुरून येई. एवढी मोलाची वस्तू मृतासोबत पुरली जाई, यावरूनच तिचा मान कळतो.

मग त्या पक्ष्याचा अर्थ लावायचा कशावरून? काहींना तो आत्मा वाटतो, काहींना कुळाचे चिन्ह. अशा तर्कांना आधार मिळतो तो एकाच ठिकाणी: दफनाच्या मांडणीत. झाकण कोणत्या भांड्यावर होते, ते कोणाजवळ ठेवले होते, घोडा कुठे होता, शेजारच्या वर्तुळात काय होते. चीनमध्ये जे अक्षरे सांगतात, ते इथे वस्तूची जागा सांगते. संग्रहालयातले सुटे झाकण सुंदर दिसते, पण जागेची नोंद नसेल तर ते मुके असते.

म्हणूनच मला काळजी वाटते ती उरलेल्या वर्तुळांची. शेताची सपाटी, मुरूम-गिट्टीचे खोदकाम, नवे रस्ते, वाढती वस्ती यांत एखादे वर्तुळ तासाभरात नाहीसे होते. दगड हलले की आतल्या वस्तूंचे एकमेकींशी असलेले नाते तुटते, आणि ते पुन्हा जुळवता येत नाही. आपल्या गावच्या माळावर गोलाकार मांडलेले धोंडे दिसले तर त्यांचा फोटो काढा, गट क्रमांक टिपा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा विद्यापीठाला कळवा. खणून पाहू नका. लिपी नसलेल्या त्या माणसांचे म्हणणे ऐकायला आपल्याकडे दुसरा पुरावा नाही.