जावईबापूंचा दिवाळसण

दिवाळीच्या दिवसांत भल्या माणसाने कुठे असावे, याबद्दल आमच्या घरात दरवर्षी एक वाद होतो. आमच्या सौभाग्यवतीचे म्हणणे असे, की त्याने स्वयंपाकघराच्या आसपास असावे, चकलीचा सोऱ्या दाबून द्यावा आणि विचारल्याखेरीज मत देऊ नये. माझे म्हणणे असे, की ऑक्टोबरचा पाऊस पडून इंग्लंडातली जमीन मऊ झाली, की भल्या माणसाने जाडजूड कोट चढवून रेसच्या मैदानावर जावे आणि अडथळ्यांवरून पहिल्यांदाच उड्या मारणारे तरणे घोडे डोळे भरून पाहावेत. चेल्टनहॅमच्या परिसरात राहायला येऊन आम्हांला तीस वर्षे झाली. वाद तितकाच जुना आहे.

“लोक या दिवसांत लक्ष्मी घरात आणतात,” ती म्हणते, “आणि तुम्ही तिला बाहेर पोचवायला निघालात!”

वाचकांचाही असाच गैरसमज होऊ नये म्हणून आधीच सांगून टाकतो, की मी पैज लावत नाही. गणिताचा मास्तर होतो; पैजेचे गणित कुणाच्या बाजूने मांडलेले असते ते मला कळते. मात्र एका घोड्याचा विसावा हिस्सा माझ्या नावावर आहे. घोड्याचा नेमका कोणता भाग माझा, हे मला कुणी सांगितलेले नाही. पण दर महिन्याचे बिल पाहिले की तो पोटाचाच असावा असे वाटते. कागदोपत्री त्याचे नाव काहीही असो, आमच्या घरात त्याला ‘जावईबापू’ म्हणतात. हे नामकरण अर्थात सौभाग्यवतीचे. खाणे भरपूर, कमाई शून्य, आणि भेटायला जाताना रिकाम्या हाताने जायची सोय नाही. यंदा तर त्यांचा दिवाळसणच होता, कारण मोठ्या अडथळ्यांच्या शर्यतीत ते पहिल्यांदा उतरायचे होते.

आपल्याकडे पुण्याला आणि महालक्ष्मीला ज्या रेस होतात त्या सपाट जमिनीवरच्या. ही जात निराळी. 1752 साली आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यात दोन सद्गृहस्थांनी एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतली कुंपणे, ओढे, बांध ओलांडीत घोडे पळविले. मनोऱ्याला इंग्रजीत स्टीपल म्हणतात, म्हणून शर्यतीचे नाव स्टीपलचेस. आता बांध-ओढे गेले आणि बर्चच्या काटक्या घट्ट ठासून बांधलेले निदान साडेचार फूट उंचीचे अडथळे आले. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या त्या भूर्जाचा हा जातभाई. पण विद्या देण्याची याची रीत अधिक कडक आहे. घोडा आधी एक-दोन वर्षे साडेतीन फुटी हर्डलवरून शिकतो. हर्डल धक्का लागला की वाकते, चूक पोटात घालते. मोठा अडथळा चूक पोटात घालीत नाही. म्हणून हर्डलवरचा शहाणा इथे कधीकधी ढ ठरतो, आणि तिथला मठ्ठ इथे एकदम शहाणा होतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी ज्याने या मोठ्या अडथळ्यांची एकही शर्यत जिंकलेली नाही, तो ढोबळ मानाने ‘नॉव्हिस’, म्हणजे आपला नवशिक्या.

हे नवशिके पाहायचे कसे, ते मला आमच्या शेजाऱ्यांनी शिकविले. सारे आयुष्य त्यांनी तबेल्यात मोतद्दारीत घालविले; आता वय ऐंशीच्या पुढे. माझे आजोबा खानदेशातले. दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथल्या घोड्यांच्या बाजाराला ते नेमाने जात. ते घोड्याचे भोवरे पाहत. कपाळावरचा भोवरा कसा, गळ्यावरचा कुठे, त्यावरून घोडा धन्याला लाभेल की बुडवील ते सांगत. हे मी शेजाऱ्यांना सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, “मास्तर, भोवरे पाहायला घोडा उभा लागतो. आपण चालता पाहू.”

शर्यतीपूर्वी घोडे रिंगणात फिरवितात, तिथे ते कठड्याला टेकून उभे राहतात. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापुढे पडतो का, ते आधी पाहायचे. ज्याची चाल लांब त्याची दौड लांब असण्याचा संभव. मग छातीची खोली, फुप्फुसांना जागा आहे ना ती. मग पुढच्या पायांच्या नळीमागची शीर ताठ आणि थंड दिसते की कुठे फुगवटा आहे. आणि मग अंगाचा एकंदर बांधा. आपल्याकडे शाळेतल्या मुलाचा सदरा वाढत्या अंगाचा शिवीत असत, तसा पाच-सहा वर्षांचा चांगला घोडा वाढत्या अंगाचा दिसतो; हाडे आली आहेत, त्यांत भरायचे मांस अजून यायचे आहे. जो आजच भरलेला, तुकतुकीत, तो आज जिंकेल. त्याचे पुढे काय, हा प्रश्न वेगळा.

शर्यत सुरू झाली की शेजारी दुर्बीण पुढच्या घोड्यावरून काढून घेतात. “पहिला कोण ते पाटीवर लिहितातच,” असे त्यांचे म्हणणे. हंगामाच्या आरंभी या शर्यतींत कित्येकदा तीन-चारच घोडे असतात. एखादा पुढे निघतो, त्याला कुणी दटावीत नाही, तो मजेत उड्या मारीत वीस लांबींनी जिंकतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे त्याला अवतारी पुरुष ठरवितात. पाहायचे ते हे, की हरलेले कोण होते; जमीन किती ओली होती; घोडा सरळ उडतो की एका अंगाला झुकतो; उतरल्यावर थबकतो की त्याच दमात पुढे जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चूक झाल्यानंतरचा अडथळा. चुकलेल्या उडीवरून घोड्याचा आजचा दिवस कळतो. पुढच्या उडीवरून घोडा कळतो.

आणि इतके पाहूनही जाणते फसतात. आर्कल हा आयरिश घोडा अडथळ्यांच्या शर्यतीतला आजवरचा थोर मानला जातो. 1964, 1965 आणि 1966 असा तीन वर्षे चेल्टनहॅमचा गोल्ड कप त्याने जिंकला. पण जानेवारी 1962 मध्ये नॅव्हनला तो पहिल्यांदा हर्डलवर धावला तेव्हा त्याचा भाव विसास एक होता. त्याच तबेल्याची आवडती घोडी दुसरी होती आणि मुख्य जॉकी तिच्यावर बसला होता. जिंकला आर्कल! त्याच नोव्हेंबरात तो चेल्टनहॅमला मोठ्या अडथळ्यांवर प्रथम उतरला आणि वीस लांबींनी जिंकला. कौटो स्टारचे उदाहरण उलट टोकाचे. जानेवारी 2005 मध्ये एक्सेटरला नवशिक्यांच्या शर्यतीत तो शेवटून दुसऱ्या अडथळ्यापाशी पडला. जॉकी पुन्हा चढला, रिकिबीत पाय न घालताच त्याने घोडा दामटला, आणि तो अगदी निसटता हरला. मागाहून कळले, की त्याचे हाड चिरले होते. त्या दिवशी त्याच्याविषयी कुणी काय भाकीत केले असते? पुढे 2007 साली त्याने गोल्ड कप जिंकला, 2008 साली गमावला आणि 2009 साली परत मिळविला. गमावलेला कप परत आणणारा तो पहिलाच घोडा.

तिसरी आठवण मला दिवाळीतच होते. बेस्ट मेट 2002, 2003 आणि 2004 असा तीनदा गोल्ड कप जिंकलेला, आणि उभ्या आयुष्यात शर्यतीत एकदाही न पडलेला. 1 नोव्हेंबर 2005 रोजी एक्सेटरला जॉकीने त्याला शर्यतीतून बाजूला घेतले आणि तो मैदानावरच कोसळून गेला. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. मी पणत्यांत तेल घालीत होतो. बातमी ऐकून थांबलो. सौभाग्यवती म्हणाली, “त्या मुक्या जनावराला विचारले होते का कुणी, पळतोस का म्हणून?” या प्रश्नाला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही. अडथळ्यांच्या कडांना वर्षानुवर्षे नारिंगी रंग देत. तो आपल्याला झगझगीत दिसतो म्हणून. घोड्याच्या डोळ्यांना नारिंगी गवतासारखाच भासतो, हे एक्सेटरच्याच विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, आणि 2022 मध्ये तो बदलून पांढरा करण्याचे ठरले. उडी त्याची, पण इतकी वर्षे पाहत होतो आपण आपल्याच डोळ्यांनी.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती घोड्यांची नाही. या देशात विद्यापीठांसाठी अर्ज शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभीच करावे लागतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीसाठी तर 15 ऑक्टोबरच्या सुमारास. परीक्षा उन्हाळ्यात, म्हणून तोवर या मुलाला कोणती श्रेणी मिळेल याचे भाकीत मास्तरने करायचे. म्हणजे माझाही हंगाम दिवाळीतच सुरू होई! एका वर्षी एक मुलगी होती. अबोल, हळू, फळ्यापाशी उभी केली की गोंधळणारी. सप्टेंबरच्या चाचणीत तिने एक सोपे उदाहरण चुकविले. मी तिच्या नावापुढे एक श्रेणी खालची लिहिली. तिला वैद्यकीला जायचे होते. कुठूनही मुलाखतीचे बोलावणे आले नाही.

उन्हाळ्यात निकाल लागला. तिला सर्वांत वरची श्रेणी मिळाली होती. ती मला भेटायला आली. रागावली नव्हती. “सर, तुमचे गणित चुकले,” एवढेच म्हणाली. मग एक वर्ष तिने दुकानात गल्ल्यावर काढले आणि पुन्हा अर्ज केला. पुढे ती डॉक्टर झाली, हे मी सांगितले की ऐकणारे सुटकेचा निःश्वास टाकतात. मला टाकता येत नाही. ते वर्ष तिचे होते आणि ते मी खर्च केले. तिचे ते चुकलेले उदाहरण मला अजून पाठ आहे. त्याच कागदावरचे पुढचे उदाहरण, त्याहून अवघड, तिने बिनचूक सोडविले होते. ते मी तपासले होते, त्याला गुणही दिले होते. पाहिले मात्र नव्हते.

यंदा वसुबारसेच्या आधी दोन दिवस जावईबापू उतरले. अडीच मैलांची शर्यत, चार घोडे, चिखल घोट्यापर्यंत. पहिले तीन अडथळे त्यांनी बरे पार केले. चौथ्यापुढे खंदक होता. तिथे स्वारींनी फार लांबून झेप घेतली, पोट काटक्यांत घुसले, नाक जमिनीला लागले, जॉकी मानेवर आला. मी डोळे मिटले. शेजाऱ्यांनी माझ्या दंडाला धरले. “आत्ताच तर उघडायचे असतात, मास्तर!”

उघडले. घोडा उभा होता, नुसता उभा नव्हे, पळत होता. पुढचा अडथळा जवळ येताच त्याने कान टवकारले, दोन पावले आखूड टाकली, आणि मांजर भिंतीवरून जावे तसा पलीकडे गेला. त्यापुढचा तसाच. शेवटी चारांत तिसरा आला.

रात्री आमच्या वीस भागीदारांच्या फोनवरील गटात मतांचा पाऊस पडला. याला हर्डलवर परत न्या. याच्याने हे व्हायचे नाही. किंमत येते आहे तोवर विका. बाहेरून मागणीही आली होती, रक्कम वाईट नव्हती. मतदान झाले; नऊ विकायच्या बाजूने, दहा ठेवायच्या. माझे राहिले होते. मी विकायचे म्हटले असते तर बरोबरी, आणि मग घोडा गेलाच असता. फोन हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. घोडा चांगला आहे, असे मला लिहिता येईना; ते मला ठाऊक नव्हते. शेवटी लिहिले, “खंदकानंतरचा अडथळा मी पाहिला आहे. मार्चपर्यंत थांबावे.”

चेल्टनहॅमचा मोठा मेळा मार्चमध्ये, आपल्या होळीच्या सुमारास असतो. जावईबापू तिथवर पोचतील की नाही, देव जाणे. सौभाग्यवतीने सोऱ्या माझ्या हातात दिला आणि विचारले, “कसे आहेत जावईबापू?”

“तिसरे आले,” मी म्हणालो.

“पायबिय धड आहेत ना?”

“आहेत.”

“मग झाले,” ती म्हणाली, आणि पाडव्याला तबेल्यात न्यायच्या गाजरांची पिशवी तिने फराळाच्या डब्यांशेजारी ठेवली.