वाट पाहण्याची शुश्रूषा

रुग्णाने हात पुढे करण्यापूर्वी त्याच्या ओठांशी पेला न्यावा, त्याने बोलण्यापूर्वी त्याचे मनोगत ओळखावे, अशी शुश्रूषेची कल्पना आपणा सर्वांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. ज्वर असो वा बाळंतपण असो, ती योग्यच होय. परंतु पक्षाघातातून उठू पाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत शुश्रूषेचा अर्थ पुष्कळसा उलटा होतो. तो अर्थ आम्ही गेल्या दीड वर्षात शिकलो.

आमचे बिऱ्हाड सुरतेस, बमरोली भागात आहे. भोवती यंत्रमागांचे कारखाने, पलीकडे पांडेसऱ्याच्या कापड रंगविण्याच्या गिरण्या. शेजारी कोणी खानदेशातले, कोणी ओडिशातले, कोणी उत्तर प्रदेशातले. या वस्तीत आमचे कुटुंब चार भाषांत वावरत असे. घरात कोंकणी, पोथी-पुस्तकांत मराठी, भाजीवाल्याशी गुजराती आणि शेजारणींशी हिंदी. माघ महिन्यातल्या एका सकाळी तिचा उजवा हात लुळा पडला आणि चारही भाषा एकाच वेळी गेल्या.

हात आणि वाचा यांनी एकदमच का जावे, असे कोणीही विचारील. बहुतेक माणसांच्या वाचेचे स्थान मेंदूच्या डाव्या भागात असते, हे फ्रान्समधील पॉल ब्रोका या शल्यविशारदाने १८६१ पासूनच्या आपल्या निरीक्षणांतून दाखवून दिले. शरीराच्या उजव्या अंगाची सूत्रेही त्याच भागाकडे असतात. समज मात्र बरीच शाबूत राहू शकते. तिला आमचे बोलणे समजत होते; केवळ उत्तर ओठांपर्यंत येत नव्हते. आजारापेक्षा हे बंदिवासच अधिक दुःसह होते.

मजुरा गेटजवळील नव्या सिव्हिल हॉस्पिटलात जिवावरचे संकट टळले. मग उठून बसणे, उभे राहणे, दांड्यांना धरून पाऊल टाकणे असे व्यायाम सुरू झाले. वाचेचे शिक्षण देणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हांस एक नियम घालून दिला. पत्नीचा शब्द पतीने बोलावयाचा नाही. तिचे ओठ हलू लागले की मनात दहा अंक मोजावयाचे. तरीही शब्द न आला, तरच पहिल्या अक्षराची आठवण द्यावयाची.

या नियमामागे शास्त्र आहे. मेंदूच्या ज्या पेशी मेल्या त्या परत येत नाहीत. परंतु उरलेल्या भागांना सरावाने त्यांचे काम काही अंशी शिकविता येते. जे अंग वापरात नाही ते मात्र न वापरण्याचीच सवय लावून घेते. बोटांत थोडी हालचाल उरलेल्या काही रुग्णांचा चांगला हात अमेरिकेत दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ मोज्यात ठेविला गेला आणि दुबळ्या हाताला कामास लाविले. तो हात सुधारल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. वाचेचेही तसेच. तिचे सर्व शब्द घरच्यांनीच बोलून टाकिले, तर तिने बोलावे कशाला?

तथापि दहा अंक मोजणे सोपे नाही. घरी आल्यावर सायंकाळच्या आरतीस ती आमच्या मागोमाग गणपतीची आरती सुरात म्हणू लागली, तेव्हा जमलेल्या आप्तांनी 'वाचा आली!' म्हणून हात जोडिले. पुढच्याच क्षणी तिला पाणी मागता येईना. मुखोद्गत आणि सुरात बांधलेले शब्द बहुधा निराळ्या वाटेने येतात. स्वतःचा शब्द शोधून काढणे हे वेगळेच काम. बोस्टन येथील तज्ज्ञांनी १९७३ साली सुराच्या आधारे वाक्य बोलविण्याची पद्धत मांडिली, ती याच अनुभवावर उभी आहे. म्हणून आरती आम्ही सोडिली नाही. परंतु आरतीलाच संभाषणही मानिले नाही.

एका दुपारी खानदेशी शेजारीण समाचारास आली होती. तांब्याकडे पाहत पत्नीचे ओठ हलत होते. डोळे भरून आले. शेजारीण कळवळून म्हणाली, "भाऊ, वहिनींना पाणी द्या ना! असे काय बघत बसलात?" आम्ही आठ मोजले, नऊ मोजले. आणि ती म्हणाली, "उदक."

शेजारणीने 'पाणी' म्हटले होते. तिचा शब्द मात्र तिचा स्वतःचा होता. अनेक भाषा जाणणाऱ्याची कोणती भाषा आधी परतते, हा जुना प्रश्न आहे. सर्वांत आधी शिकलेली, असे रिबो यांच्या मताचा आधार घेऊन म्हटले जाई. आजारापूर्वी सर्वाधिक वापरात असलेली, असे पित्र यांनी १८९५ साली सांगितले. पुष्कळांच्या भाषा बरोबरीनेच सुधारतात, असेही पुढे आढळले. आमच्या घरी दोन्ही मते कोंकणीकडेच बोट दाखवीत होती. म्हणून रुग्ण घरात कोणती भाषा बोलतो, हे वाचेच्या शिक्षकांस प्रथम सांगावे. सरावाच्या पत्त्यांवरील गुजराती शब्दांऐवजी आम्ही पेज, कोयती, रांदणी हेच शब्द घेतले.

या कामी एकटा पती किंवा एकटी पत्नी पुरी पडत नाही. पॅट्रिशिया नील या अभिनेत्रीस १९६५ साली असाच आघात झाला, तेव्हा पती रोआल्ड डाल यांनी तिच्या दिवसाची आखणी केली आणि शेजारीपाजारी पाळीपाळीने तिच्याशी बोलण्यास येत. १९६८ साली तिचा नवा चित्रपट प्रदर्शित झाला. देवळाच्या निमित्ताने जमणाऱ्या आपल्या मंडळींस हे अशक्य नाही. समाचारास जावे, तेव्हा दूरदर्शन बंद करावे, समोर बसावे, एका वेळी एकानेच लहान वाक्यात विचारावे, आणि थांबावे. "मला ओळखलेस का?" अशी परीक्षा घेऊ नये.

आज ती काठी घेऊन दारापर्यंत जाते. उजव्या हाताची बोटे अद्याप आखडलेली आहेत. मिठास साखर म्हणते आणि मग स्वतःच हसते. मराठी थोडी आली आहे, गुजराती अजून आलेली नाही. भाजीवाला मात्र हातगाडी थांबवून, ती बोट दाखवून ओठ हलवीत असते तोवर, मुकाट्याने उभा राहतो.