आबांची फुंकर, आक्कांचा थेंब

साताऱ्याची थंडी आणि सांगलीची थंडी एक नव्हे. नदी तीच कृष्णा, पण माहुलीला वेण्णेला पोटात घेऊन ती सांगलीच्या आयर्विन पुलाखाली येईपर्यंत हवा पार बदललेली असते. सांगलीची थंडी नदीकाठची, दमट. डिसेंबरात पहाटे माई घाटावर धुकं साचतं आणि ऊन चढल्याशिवाय हलत नाही. साताऱ्याची थंडी कोरडी, वाऱ्याची. यवतेश्वराच्या घाटात एका वळणावर नावालाही नसते आणि पुढच्या वळणावर थेट छातीवर येते. माझं माहेर सांगली, संसार सातारा, म्हणून दोन्हीकडच्या थंडीत मी पळते. पळताना अंगात काय घालायचं हे मला दोन माणसांनी शिकवलं. दोघांपैकी कुणीही हौस म्हणून कधी पळालेलं नाही.

आबा गोडोलीत आमच्या शेजारी राहायचे. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मूळ गाव अपशिंग्याच्या बाजूचं. पहिल्या महायुद्धात ज्या गावचे ४६ जवान कामी आले, ते हे अपशिंगे मिलिटरी. त्या पट्ट्यात घराघरात लोखंडी ट्रंक असते आणि थंडीवर बोलणारी माणसं ती बर्फात काढून आलेली असतात. आबा पहाटे फाटकाशी चहाचा कप घेऊन उभे असायचे. मी स्वेटर घालून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी हाक मारून थांबवलं.

"पोरी, निघताना थंडी वाजाय पाहिजे. न्हाय वाजली तर समजायचं, कापड जास्त झालं."

मग म्हणाले, "थंडी भाइरनं येत न्हाय. घामातनं येती."

या दोन वाक्यांत सगळं आलं, असं मी आज म्हणते. पळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पाय पुढे टाकण्यात जातो, बाकी सगळी उष्णता होते. म्हणून धावणाऱ्यांचा ठोकताळाच आहे की बाहेर जेवढी हवा असेल, तिच्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त धरून कपडे घालावेत. साताऱ्यात जानेवारीत पारा पहाटे दहा-बारावर उतरतो. पहिली काही मिनिटं गेली की अंगाला ते वीस-बावीस वाटू लागतं. तेव्हा जाड कपड्यात घाम साठतो. तो साठलेला घाम वारा लागताच गार पडतो, कारण ओलं कापड अंगातली ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने ओढून नेतं. सुती बनियन इथेच दगा देते. सूत हवेतली ओल आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम आला की सूत तो पिऊन बसतं आणि जड होऊन पाठीला चिकटतं.

आबांनी एका रविवारी ट्रंक उघडली. वर घडी केलेला कोट, त्याखाली जर्सी, आणि तळाशी एक पातळ लोकरीचं इनर, बाह्या मनगटापर्यंत, रंग उडालेला. ते त्यांनी माझ्या तोंडाशी धरलं. "फुंकर मार." मी मारली. त्यांनी पलीकडे स्वतःचा तळहात धरला होता. "आली बघ. एवढीच यायला पाहिजे. फुंकर आडली तर घाम आडतो, आणि सुसाट गेली तर वारं आत येतं." मग जर्सीतून फुंकर मारायला लावली, मग कोटातून. कोटातून काहीच आलं नाही. "ह्ये उभं ऱ्हायचं कापड," ते म्हणाले, "आणि ह्ये चालायचं." पाहऱ्यावर उभ्या जवानाला एक लागतं आणि चढण चढणाऱ्याला दुसरं. चढायच्या आधी वरचं काढून पाठपिशवीत टाकायचं, थांबल्याबरोबर अंग गार व्हायच्या आत पुन्हा चढवायचं, हा त्यांचा नेम. दुकानात आज ज्याला लेअरिंग म्हणतात, ते त्यांनी मला तीन फुंकरांत दाखवलं.

यवतेश्वराच्या घाटाला हे तंतोतंत लागू पडतं. २०१२ साली सुरू झालेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच वाटेने जाते. शहरातून घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने उतरून यायचं. जाताना चढ असतो, वेग कमी आणि घाम जास्त. येताना उतार, वेग जास्त, मेहनत कमी, आणि समोरून वारा. म्हणजे एकाच पळण्यात दोन ऋतू. तिथे कामी येतो तो पातळ, पूर्ण बाह्यांचा, गळ्यापासून छातीपर्यंत चेन असलेला टॉप. चढताना चेन उघडी, बाह्या कोपरापर्यंत वर, फारच उकडलं तर काढून कमरेला गाठ. माथ्यावर वळलं की बाह्या खाली, चेन बंद. तो कमरेला बांधल्यावर जाणवता कामा नये, इतका हलका हवा. दुकानात मी हल्ली आधी तो मुठीत दाबून बघते. मुठीत मावला तर पुढचं बघायचं.

लोकरीबद्दल एक सांगायला हवं. आबांचं इनर लोकरीचं होतं आणि भिजल्यावरही ऊब देणारं लोकरीसारखं कापड नाही. हे माणदेशात कुणाला सांगावं लागत नाही. माण-खटावचा, तिकडे जतचा मेंढपाळ भर पावसात घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे दिवस काढतो. पण आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, उघड्या अंगाला टोचणारी. मेरिनो मेंढीची लोकर बारीक, म्हणून तिचे धावण्याचे टॉप निघतात. वासही धरत नाहीत. पॉलिएस्टरचा वास मात्र धुतला तरी मागे राहतो, हा त्याचा खराखुरा दोष. पण मेरिनोची किंमत बघून बहुतेक जण टॉप परत हँगरला लावतात, आणि त्यांचं चुकत नाही.

किमतीचा प्रश्न आक्कांनी सोडवला. सांगलीत गावभागात आमच्या माहेरच्या वाड्यामागे त्यांचं शिलाईचं दुकान. कबड्डी आणि खो-खोच्या संघांच्या जर्सी त्या शिवत आल्या. मी आबांचं सगळं त्यांना सांगितलं, फुंकरीसकट. त्यांनी ऐकून घेतलं, कपाटातून डॉटनिटचे, म्हणजे जर्सीच्या पॉलिएस्टर कापडाचे, दोन-तीन तुकडे काढले, उलटे करून टेबलावर पसरले आणि बोट पाण्यात बुडवून प्रत्येकावर एकेक थेंब सोडला. एका तुकड्यावर थेंब तसाच गोल बसून राहिला. दुसऱ्यावर तो बघता बघता पसरला आणि रुपयाएवढा डाग झाला. आक्कांनी तो तुकडा उचलून सुलटा केला, वरच्या बाजूला बोट फिरवलं. ओल तिथपर्यंत आली होती. "ह्यो घे. घाम आतनं भाइर काढतोय. त्यो पहिला अंगावरच ठेवंल." पॉलिएस्टर-पॉलिएस्टरमध्येही एवढा फरक असतो, हे मला त्या थेंबाने कळलं. जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, हे विचारलं तर म्हणाल्या, एकशेवीस-तीसच्या वर जाऊ नको, वर गेलीस की थंडीचं कापड होतं, पळायचं राहत नाही.

मापं घेताना त्यांनी मला दुकानात जागच्या जागी पळायला लावलं आणि माझे हात कुठे जातात ते बघत राहिल्या. मग मागची उंची वाढवली. बाईचा हात पळताना सारखा टॉप खाली ओढायला जातो, तो जाता कामा नये, हे त्यांनी न बोलता मापात घातलं. त्याबद्दल मी त्यांची सर्वांत जास्त ऋणी आहे. पुरुषी बेताचा टॉप फक्त लहान करून बायकांना विकणाऱ्यांना हे अजून सुचलेलं नाही. काखेत शिलाई येऊ न देता चौकोनी कळी घातली, तिला लायक्रा. खांद्यावरची शिलाई पुढे सरकवली. "हितं शिलाई आली तर काचंल." रंग मला राखाडी हवा होता. त्यांनी साफ नाही म्हटलं आणि लिंबू रंग काढला. गाळपाचा हंगाम चालू होता, पहाटे रस्त्याने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेले. "ट्रॉलीवाल्याला तू लांबनं दिसाय पाहिजेस." पाठीवर चमकती पट्टीही त्यांनीच लावली. पैसे द्यायला गेले तर कापडाचे तेवढे घेतले.

आबांना मी तो टॉप दाखवला. त्यांनी बाहीत हात घालून फुंकर मारली, मान डोलावली आणि शिवणाऱ्या बाईचं नाव विचारून घेतलं. पुढच्याच महिन्यात ते गेले. आक्कांची आणि त्यांची कधी भेट झाली नाही.

आबांचं देणं फेडायला माणूसच उरला नाही आणि आक्का पैसे घेत नाहीत. म्हणून मी वेगळं केलं. साताऱ्यात मैदानावर पहाटे पोलीस भरतीच्या मुली पळतात. माण-खटावच्या, कोरेगावच्या. मोहीच्या ललिता बाबरने २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, दहावी आली. मोही माण तालुक्यातलंच. मैदानावरच्या या मुलींना भरतीला ८०० मीटर मारायचे असतात आणि बहुतेकींच्या अंगात भावाचा सुती टी-शर्ट, वर स्वेटर. त्यांची मापं मी सांगलीला नेते, कापडाचा खर्च माझा, शिलाई आक्का करतात. पळायच्या आधी आणि पळून झाल्यावर मैदानावर ताटकळावं लागतं, तेव्हा स्वेटर हवाच, ही आबांची शिकवण त्यांना आता पाठ आहे.

गेल्या हिवाळ्यात त्यातल्या एकीने टॉप परत आणून दिला. चेन हनुवटीला टोचते, आणि ८०० मीटरमध्ये ती उघडायला वेळ कुणाला असतो, असं तिचं म्हणणं. आक्कांनी चेन काढून टाकली, गळा थोडा उंच घेऊन रिब लावली, कापडही वाचलं. आता मुलींचे सगळे टॉप तसेच निघतात. घाटासाठी मी माझी चेन ठेवली आहे. सांगलीत सपाटीवर पळताना मात्र मी त्या मुलीने सुचवलेल्या गळ्याचाच टॉप घालते.