चला, कन्नमवार नगरात!

दोस्तांनो, फिरायला जायचं म्हटलं की तुम्हाला माथेरान नाहीतर गोवा आठवतो ना? आज आपण बेस्टच्या बसने जाऊ. मुंबईत विक्रोळी स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं, बस पकडायची आणि पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडला की आलंच कन्नमवार नगर. मारोतराव कन्नमवार १९६२-६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, त्यांचं नाव या वसाहतीला दिलंय. पलीकडे खारफुटी आणि ठाणे खाडी. हिवाळ्यात खाडीत रोहित पक्षी येतात, पण आज आपलं लक्ष रस्त्यावर!

गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या जुन्या इमारती तीन-चार मजल्यांच्या, आणि दोन इमारतींच्या मधे मोकळी जागा. या जागेतूनच सगळं जग येतं-जातं. सकाळी घड्याळ बघायला नको. पों-पों असा भोंगा वाजला की समजायचं, सायकलवर पातेलं बांधून इडलीवाला आला. (चटणी थोडी जास्त मागून बघा, बहुतेक मिळते!) मग कोळीण येते. टोपली टेकते न टेकते तोच वरून हाक, "मावशी, बोंबील कसे दिले?" भाव ठरेपर्यंत कुणाची मुलगी पास झाली, कुणाचं लग्न ठरलं, सगळं बोलून होतं.

मला सगळ्यांत आवडतो तो धार लावणारा. त्याची सायकल म्हणजे चालताफिरता कारखानाच! एरवी तिच्यावर बसून तो गावभर फिरतो. गिऱ्हाईक मिळालं की सायकल स्टँडवर चढवतो आणि पेडल मारायला लागतो. मागचं चाक जागच्या जागी फिरतं, त्याला जोडलेला पट्टा वर बसवलेलं छोटं दगडी चाक गरागरा फिरवतो. सुरी टेकवली की ठिणग्यांचा फवारा! चाक मोठं आणि दगड लहान, म्हणून पाय सावकाश चालले तरी दगड भन्नाट वेगाने फिरतो. विज्ञानाच्या पुस्तकातला धडा इथे फुकट बघायला मिळतो.

दुपार सुस्त. तिच्याबद्दल काय सांगणार?

पाच वाजले की मोकळ्या जागेत क्रिकेट. एक टप्पा आऊट, पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागला तर आऊट, आणि ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. हल्ली एक नवा नियम आलाय. पत्र्यापलीकडे बॉल गेला तर आऊट, आणि आणायचा मारणाऱ्याने. पत्रा कसला? जुन्या इमारती पाडून तिथे टॉवर उभे राहताहेत, त्या कामाभोवतीचा. गळकं छत आणि जिने चढून दुखणारे गुडघे ज्यांनी सोसलेत, त्या आजी-आजोबांना लिफ्टचं घर हवंच आहे, आणि का नको? पण विसाव्या मजल्यावर भोंगा ऐकू जाईल का? गेटवरचा वॉचमन धारवाल्याला आत सोडेल का? आणि दोन टॉवरच्या मधे गाड्या लागल्या, तर स्टंप कुठे ठोकायचे? नकाशा काढणाऱ्या काकांना हे प्रश्न कुणीतरी विचारायला हवेत. तुमच्याही वसाहतीत असा पत्रा लागला असेल, तर तुम्हीच विचारा की!

तोवर एखाद्या रविवारी पाचच्या आत तिथे पोहोचा. नव्या मुलाला खेळायला घेतात. फक्त आधी फील्डिंग करावी लागते, आणि तीही पत्र्याच्या बाजूला.